शेकेल किती ग्रॅमचा? आधी ठरवा, कुणाचा आणि कधीचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळीतल्या बायबल अभ्यासगटासाठी तुम्ही मराठीत टिपणे तयार करत आहात. जुन्या करारातली वजने तुम्हाला ग्रॅम-किलोत द्यायची आहेत, पण चार तक्ते पाहिले तर चारही वेगळे निघाले. एकात शेकेल ८.४ ग्रॅमचा, दुसऱ्यात ११.४, तिसऱ्यात १४ आणि चौथ्यात १६. त्यामुळे गल्याथचे पाच हजार शेकेलांचे चिलखत कुठे ४२ किलोचे होते, तर कुठे ८० किलोचे. यातला बरोबर आकडा कोणता, असे तुम्ही विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देतो. यहूदाच्या राज्याच्या काळाशी जोडलेल्या मजकुरासाठी ११.३ ग्रॅम धरा, आणि किक्कारासाठी (म्हणजे हजारो शेकेलांचे मोठे वजन, इंग्रजीत टॅलेंट) ३४ किलो. तुमच्या टिपणांतल्या बहुतेक जागा एवढ्यावर भागतील. पण बाकीचे तीन आकडेही कुणी हवेतून काढलेले नाहीत. ते वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या राज्यांतले शेकेल आहेत. चुकते ते एवढेच, की तक्ता करणारे एकच ओळ छापतात आणि तो शेकेल कुठला हे सांगत नाहीत. म्हणून खरी अडचण गुणाकाराची नाही. कोणत्या वचनाला कोणते वजन लावायचे, हे ठरवण्याची आहे.

आधी हे चार आकडे कुठून आले ते पाहू.

८.३ ते ८.४ ग्रॅम हा बाबेलचा (बॅबिलोनचा) शेकेल. मेसोपोटेमियात १८० जवांचा एक शेकेल, ६० शेकेलांचा एक मीना आणि ६० मीनांचा एक किक्कार असा हिशेब चालत असे. मीना साधारण अर्ध्या किलोचा आणि किक्कार साधारण ३० किलोचा. १४ ग्रॅम हे सोराच्या चांदीच्या नाण्याचे वजन. सोर म्हणजे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचे फिनिशियन शहर. तिथे इ.स.पू. १२६ च्या सुमारास ही नाणी पाडायला सुरुवात झाली आणि यरुशलेमच्या मंदिराचा कर याच नाण्यात घेतला जाई. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस शेकेल म्हणजे चार अटिक द्राख्मा (अथेन्सच्या मापाची ग्रीक चांदीची नाणी) असे सांगतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हेच नाणे असते. मोशेच्या काळचे दगडी वजन त्याला अभिप्रेत नसते.

१६ ग्रॅमचा उगम आणखी वेगळा आहे. बाराव्या शतकात यहुदी धर्मपंडित मायमोनिदीस यांनी तोराचा (मोशेच्या नियमशास्त्रातला) शेकेल ३२० जवांच्या वजनाचा आणि नंतर ऋषींनी वाढवलेला ३८४ जवांचा, असे नोंदवले. जवाचा दाणा ०.०५ ग्रॅमचा धरला की पहिल्याचे १६ ग्रॅम होतात आणि दुसऱ्याचे १९.२. ज्येष्ठ मुलाच्या सोडवणुकीच्या यहुदी विधीत आजही पाच सेला (याच वाढवलेल्या शेकेलाचे नाव) म्हणून ९६ ते १०० ग्रॅमच्या आसपास चांदी धरतात, ती याच परंपरेतून. धर्मविधीसाठी हा आकडा योग्यच आहे. प्राचीन बाजारातला माल तोलायला मात्र तो वापरू नये.

राहिले ११.३. हा आकडा कुठल्या ग्रंथातून आलेला नाही, तो दगडांतून आला आहे, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा आहे. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीपासून ते यरुशलेमच्या पाडावापर्यंत, म्हणजे इ.स.पू. ५८६ च्या सुमारापर्यंत, यहूदात चुनखडीची घडीव वजने वापरात होती. तळ सपाट, वरचा भाग घुमटासारखा गोल. माथ्यावर फासाच्या आकाराचे एक चिन्ह कोरलेले, आणि त्याच्या शेजारी आकडा. तळ सपाट असल्याने वजन पारड्यात घरंगळत नाही आणि गोल माथा चिमटीत नीट धरता येतो. यरुशलेम, लाखीश, अराद आणि इतर ठिकाणी मिळून अशी कोरीव वजने चारशेच्या वर सापडली आहेत. पुरातत्त्वज्ञ रॅझ क्लेटर यांनी ती एकत्र अभ्यासली आणि शेकेलाचे मूळ वजन ११.३३ ग्रॅम काढले.

मराठी वाचकाला हे वजन पटकन उमगते, कारण आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे यहूदाचा शेकेल तोळ्याहून किंचित हलका. दोन्ही वजनांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण हातात किती भार पडला असेल हे समजायला तोळा फार उपयोगी आहे. फक्त एक काळजी घ्या. आज सराफाकडे दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. टिपणात तोळा वापरणार असाल तर ‘जुना तोळा’ असे स्पष्ट लिहा, नाहीतर मोठ्या रकमांत सहावा भाग इकडचा तिकडे होईल.

आता शेकेलावरून मोठ्या वजनांकडे जाऊ. किक्कारात किती शेकेल, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. निर्गम ३८:२५-२६ मध्येच हिशेब मांडलेला आहे. ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल दिला, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल झाले. मजकूर हीच रक्कम १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल अशी सांगतो. वरचे १,७७५ वजा केले की उरले तीन लाख, म्हणजे किक्काराला ३,००० शेकेल. बाबेलच्या पद्धतीत ते ३,६०० असतात. उत्तर सीरियातल्या उगारीत शहरातही किक्कार ३,००० शेकेलांचाच होता, त्यामुळे यहूदाची पद्धत या बाजूची दिसते. ३,००० ला ११.३३ ने गुणा, ३३.९९ किलो येतात. तोच ३४ किलोचा किक्कार.

मीनाचे, म्हणजे हिब्रूत ज्याला माने म्हणतात त्याचे, काम एवढे सोपे नाही. ६० मीनांचा किक्कार धरला तर ३,००० भागिले ६०, म्हणजे मीना ५० शेकेलांचा, ५६७ ग्रॅम. पण यहेज्केल ४५:१२ च्या हिब्रू पाठात वीस, पंचवीस आणि पंधरा शेकेल मिळून एक माने सांगितला आहे, म्हणजे ६० शेकेल, ६८० ग्रॅम. ग्रीक भाषांतराच्या एका महत्त्वाच्या हस्तलिखितात याच ठिकाणी ५० येतात. यहेज्केल बाबेलमध्ये बंदिवासात होता, साठाची पद्धत त्याच्या भोवती रोज वापरात होती, हेही ध्यानात ठेवायला हवे. माझा शिरस्ता असा आहे की राजांच्या पुस्तकांत ५० धरतो आणि यहेज्केलात ६०, आणि दोन्हीकडे तळटीप देतो. सुदैवाने मीना जुन्या करारात फार थोड्या जागी येतो.

लहान वजनांत बेका म्हणजे अर्धा शेकेल, हे निर्गम ३८:२६ स्पष्ट सांगतो. हिशेबाने तो ५.७ ग्रॅमचा व्हायला हवा. प्रत्यक्ष सापडलेल्या ‘बेका’ कोरलेल्या दगडांची सरासरी मात्र ६ ग्रॅमच्या आसपास पडते. ‘पिम’ कोरलेले दगड ७.८ ग्रॅमच्या आसपासचे, म्हणजे शेकेलाच्या दोन-तृतीयांशाहून थोडे जड. १ शमुवेल १३:२१ मध्ये पलिष्टी लोहार नांगराच्या फाळाला धार लावायला जे घेत, ते हेच. ‘नेसेफ’ नावाचा ९.७ ग्रॅमच्या आसपासचा दगडही सापडतो, पण बायबलात या वजनाचा उल्लेख नाही, म्हणून तुमच्या तक्त्यात त्याची गरज नाही.

गेराबद्दल मात्र जरा थांबायला हवे. निर्गम ३०:१३, लेवीय २७:२५, गणना ३:४७ आणि यहेज्केल ४५:१२, चारही ठिकाणी शेकेल वीस गेरांचा असे बजावून सांगितले आहे. ११.३३ भागिले २० केले तर गेरा ०.५७ ग्रॅमचा. पण यहूदाची जी छोटी गेरा-वजने सापडली, ती तोलली असता शेकेलाला २४ गेरा हे प्रमाण जास्त जुळते, म्हणजे गेरा ०.४७ ग्रॅमचा. यात मला विसंगती वाटत नाही. बाजारात एकच पद्धत असती तर नियमशास्त्राला ‘वीस गेरांचा शेकेल’ असे पुन्हा पुन्हा सांगावे लागलेच नसते. ‘पवित्रस्थानाच्या शेकेलाप्रमाणे’ हे शब्दही त्याचसाठी येतात: देवाच्या दारात कोणते वजन चालेल, ते बांधून देण्यासाठी. काही जुन्या पुस्तकांत पवित्रस्थानाचा शेकेल साध्याच्या दुप्पट होता असे छापलेले असते. यहूदात सापडलेल्या दगडांत अशा दुप्पट वजनाचा वेगळा संच दिसत नाही. ते दुप्पट करणे सोडून द्या.

आता मुख्य प्रश्न, कोणत्या वचनाला कोणते वजन? मी प्रत्येक जागेसाठी तीन गोष्टी पाहतो. प्रसंग कोणत्या काळाचा आहे, वजन कुणाच्या तराजूवर झाले असेल, आणि मजकूर कधीच्या वाचकासाठी लिहिला गेला.

तिन्ही उत्तरे एकाच दिशेला गेली की काम झाले. याचे सर्वांत चोख उदाहरण यिर्मया ३२. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे, वर्ष इ.स.पू. ५८७ च्या आसपासचे. यिर्मया चुलतभावाकडून अनाथोथचे शेत विकत घेतो. खत लिहितो, मोहोर करतो, साक्षीदार ठेवतो आणि १७ शेकेल चांदी तागडीत तोलून देतो. घुमटाकार दगड याच शहरात आणि याच काळात वापरात होते. तेव्हा १७ गुणिले ११.३३ म्हणजे १९२.६, लिहायचे ‘सुमारे १९० ग्रॅम चांदी’, किंवा जुन्या मापाने साडेसोळा तोळे. इतका खात्रीचा आकडा संपूर्ण जुन्या करारात क्वचित मिळतो.

गल्याथचे चिलखत पाहा. प्रसंग पलिष्ट्यांच्या छावणीतला, पण वजन सांगणारा यहूदी लेखक आपल्याच वाचकाला समजेल अशा शेकेलात सांगतो. म्हणून ५,००० शेकेल म्हणजे सुमारे ५७ किलो पितळ आणि भाल्याचे ६०० शेकेलांचे लोखंडी पाते सुमारे ६.८ किलो. तुमच्या चार तक्त्यांतला ११.४ चा तक्ता इथे बरोबरच होता. अबशालोमाच्या केसांचे २०० शेकेल मात्र ‘राजाच्या वजनाप्रमाणे’ आहेत (२ शमुवेल १४:२६). ११.३३ ने ते सव्वादोन किलो होतात. हे राजाचे वजन बाजारातल्यापेक्षा वेगळे होते का, हे मजकूर सांगत नाही, म्हणून या एका जागी तळटीपेत ते शब्द जसेच्या तसे ठेवा.

उत्पत्तीतल्या वजनांना मी एकच आकडा देत नाही. अब्राहाम हित्ती एफ्रोनाला मकपेलाच्या शेतासाठी ४०० शेकेल चांदी तोलून देतो, तीही ‘व्यापाऱ्यांत चालणारी’ (उत्पत्ती २३:१६). तो काळ यहूदाच्या दगडांपेक्षा कितीतरी आधीचा. त्या युगात सीरियाच्या पट्ट्यात एकाच ४७० ग्रॅमच्या मीनाचे तीन प्रकारे भाग पाडत: ६० केले तर शेकेल ७.८ ग्रॅमचा, ५० केले तर ९.४ चा आणि हित्ती पद्धतीने ४० केले तर ११.७५ चा. व्यापाऱ्याला तिन्ही ठाऊक असत. म्हणून ४०० शेकेल म्हणजे ‘तीन ते पावणेपाच किलोंच्या दरम्यान’ एवढेच लिहावे. टिपणात पसारा नको असेल तर ‘यहूदाच्या मापाने साडेचार किलो’ असे लिहा, पण ‘यहूदाच्या मापाने’ हे शब्द गाळू नका.

बंदिवासानंतरच्या पुस्तकांत पट्टी बदलते. एज्रा ८:२७ मध्ये हजार दारिकांच्या किमतीची सोन्याची भांडी आहेत. दारिक हे इराणी बादशाहीचे सोन्याचे नाणे, ८.३ ते ८.४ ग्रॅमचे, म्हणजे एकूण सव्वाआठ-साडेआठ किलो सोने. नहेम्या ५:१५ आणखी अवघड. आधीचे अधिकारी लोकांकडून ४० शेकेल चांदी घेत, असे तो सांगतो. इराणी चांदीचे नाणे सिग्लोस सुमारे साडेपाच ग्रॅमचे, त्या हिशेबाने २२० ग्रॅम. बाबेलच्या शेकेलाने ३३० च्या वर आणि यहूदाच्या जुन्या दगडाने ४५० च्या वर. एकाच वचनाची उत्तरे दुपटीने वेगळी येतात. अशा ठिकाणी दोन टोके दिलेली बरी. शिवाय १ इतिहास २९:७ मध्ये दावीदाच्या काळच्या देणग्या दारिकांत मोजल्या आहेत, जेव्हा दारिक पाडलेच गेले नव्हते. लेखकाने आपल्या काळच्या वाचकाला कळेल अशा नाण्यात रक्कम सांगितली आहे. तिथे दारिकाचेच वजन धरायचे, दावीदाच्या शतकातला शेकेल शोधत बसायचे नाही.

दोन दरबारांच्या नोंदी समोरासमोर ठेवता येतील अशी एक जागा मला फार मोलाची वाटते. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. २ राजे १८:१४ म्हणते, हिज्कीयाने ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोने दिले. सन्हेरीबाच्या स्वतःच्या लेखात सोने तेवढेच, ३० किक्कार, पण चांदी ८००. सोन्याचा आकडा जुळला म्हणून वजनही जुळले असे नाही. यहूदाच्या किक्काराने ते १,०२० किलो, मेसोपोटेमियाच्या हलक्या किक्काराने सुमारे ९०० किलो. अश्शूरात याच्या दुप्पट जड मीनाही वापरात होता. निमरूद या अश्शूरी शहराच्या राजवाड्यातून निघालेली, कांस्याच्या सिंहांच्या आकाराची वजने ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेव्हा या वचनाला ‘सुमारे एक टन सोने’ असे लिहिणे सर्वांत प्रामाणिक. दोन्ही किक्कारांनी ते खरे राहते.

नव्या करारात पाय ठेवला की आपण सोराच्या नाण्यांत येतो. निर्गम २१:३२ मध्ये बैलाने मारलेल्या दासाचे ३० शेकेल म्हणजे ३४० ग्रॅम चांदी. मत्तय २६:१५ मधले ३० रुपे सोराची नाणी असतील तर ४२० ग्रॅम. संख्या तीच, वजन वेगळे. दोन्ही वचने एकाच पानावर येत असतील तर वाचक गोंधळणारच, तिथे टीप हवीच. मत्तय १७:२७ मध्ये माशाच्या तोंडातले नाणे दोघांचा कर फेडते, कारण कर माणशी अर्धा शेकेल, म्हणजे सोराच्या चांदीचे सात ग्रॅम. योहान १९:३९ मधले शंभर लित्रा मसाले मात्र शेकेलाच्या घराण्यातलेच नाहीत. ते रोमी लित्रा आहेत, प्रत्येकी सुमारे ३२७ ग्रॅमचा, एकूण ३२-३३ किलो.

गणित करताना क्रम असा ठेवा. आधी सगळे शेकेलात आणा, मग एकदाच ग्रॅमने गुणा आणि अगदी शेवटी आकडा गोल करा. निर्गम ३८:२४ चे सोने २९ किक्कार ७३० शेकेल आहे. २९ गुणिले ३,००० अधिक ७३०, म्हणजे ८७,७३० शेकेल, गुणिले ११.३३, म्हणजे ९९४ किलो. लिहायचे ‘सुमारे एक टन’. त्याच अध्यायातली चांदी, ३,०१,७७५ शेकेल, ३,४१९ किलो होते, म्हणजे ‘सुमारे ३.४ टन’. पितळ ७० किक्कार २,४०० शेकेल, म्हणजे २,१२,४०० शेकेल आणि ‘सुमारे २.४ टन’. पडताळ्यासाठी निर्गम ३८:२७ घ्या: १०० किक्कार चांदीच्या १०० उथळ्या ओतल्या, एका उथळीला एक किक्कार. म्हणजे एकेक उथळी ३४ किलोची. एका माणसाने जेमतेम उचलावी आणि तिच्यात लाकडी फळी घट्ट उभी राहावी, असे हे वजन आहे.

गोल करण्याबाबत मी आग्रही आहे. एका जुन्या तक्त्यात शेकेल ११.४२४ ग्रॅम, मीना ५७१.२ ग्रॅम आणि किक्कार ३४.२७२ किलो असे छापलेले आढळते, आणि पुढच्यांनी ते जसेच्या तसे उचलले. हाताने घासलेले चुनखडीचे दगड काही टक्क्यांनी एकमेकांपासून ढळतात, त्यातले कित्येक टवके उडालेले आहेत. त्यांच्या जोरावर तिसऱ्या दशांशाचा दावा करता येत नाही. दोन अर्थपूर्ण अंक पुरेत, फार तर तीन. मजकुरातला आकडाच ४०० किंवा ५,००० असा गोल असेल तर दोनही खूप झाले.

आता हमखास चुकणाऱ्या जागा. सर्वांत मोठी म्हणजे जिथे हिब्रूत परिमाण लिहिलेलेच नाही आणि भाषांतरकाराने ‘शेकेल’ भरले आहे. उत्पत्ती २४:२२ मध्ये रिबेकेच्या नथीला बेका स्पष्ट आहे, पण बांगड्यांना नुसते ‘दहा सोन्याच्या’ असे शब्द आहेत. तिथे शेकेल धरणे वाजवी आहे, ११३ ग्रॅम. पण शलमोनाच्या ढाली पाहा. १ राजे १०:१७ म्हणते ढालीला तीन मीना सोने, तर त्याच प्रसंगाला २ इतिहास ९:१६ म्हणते तीनशे, परिमाण नाही. ५० चा मीना धरला तर तीन मीना म्हणजे १५० शेकेल, १.७ किलो. तीनशे शेकेल धरले तर ३.४ किलो. दुपटीचा फरक पडतो. ते ३०० बेका मानले, तर बरोबर १५० शेकेल होतात आणि दोन्ही पुस्तके जुळतात. हा तर्क आहे, पुरावा नाही. पण भाषांतरातल्या ‘शेकेल’ शब्दावर आंधळेपणाने गुणाकार केला तर असा प्रश्न आहे हेच तुम्हाला कळणार नाही. संख्या मोठी आणि गोल असेल, तेव्हा परिमाण मुळात आहे की नाही हे एकदा हिब्रू-आधारित अभ्यास आवृत्तीत पाहून घ्या.

दुसरी चूक इंग्रजी तळटिपांतून येते. त्यांत वजने औंसात असतात. साधा औंस २८.३५ ग्रॅमचा आणि सोन्या-चांदीचा ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा. धातू सोने दिसला म्हणून लोक ट्रॉयने गुणतात आणि आकडा दहा टक्के फुगतो. औंसातून ग्रॅमात येऊच नका, मूळ शेकेलावरून थेट गुणा.

तिसरी चूक संग्रहालयातल्या फोटोंवरून होते. एखाद्या दगडावर फासाचे चिन्ह आणि ‘२०’ असा आकडा असतो, खाली वजन १८१ ग्रॅम. भागाकार केला की शेकेल नऊ ग्रॅमचा येतो आणि माणूस नवा सिद्धांत मांडतो. ते आकडे मिसरच्या (इजिप्तच्या) हिएरातिक लिपीतले आहेत, आणि ५, १०, २०, ३० अशा खुणांचे दगड तोलले तर अनुक्रमे ४, ८, १६, २४ शेकेल भरतात. सर्वांत सरळ स्पष्टीकरण मिसरच्या मापात आहे. त्यांचा देबेन सुमारे ९१ ग्रॅमचा, आणि त्यात दहा केदेत. यहूदाचे आठ शेकेल ९०.६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक देबेन. आठ शेकेलांच्या दगडावर दहाचा आकडा असेल तर मिसरचा व्यापारी त्यात आपले दहा केदेत वाचतो. १८१ ला १६ ने भागा, ११.३ येतात.

आणि एफा, ओमेर, हिन, बथ ही वजने नव्हेत, मापे आहेत, लिटरची. अभिषेकाच्या तेलाच्या कृतीत (निर्गम ३०:२३-२४) दोन्ही एकत्र येतात, म्हणून तिथे घोटाळा होतो. गंधरस ५०० शेकेल आणि तज ५०० शेकेल, प्रत्येकी सुमारे ५.७ किलो. गोड दालचिनी आणि वेखंड प्रत्येकी २५०, म्हणजे २.८ किलो. मसाले एकूण १७ किलो. तेल मात्र एक हिन, साधारण साडेतीन-पावणेचार लिटर. हिनाला किलोत बदलायला जाऊ नका. एवढ्या थोड्या तेलात १७ किलो मसाला कसा मावेल, हा प्रश्न अभ्यासगटात नक्की येईल. मसाले आधी पाण्यात भिजवून किंवा उकळून त्यांचा अर्क तेलात उतरवत, असे जुने भाष्यकार सांगतात.

टिपणाचा नमुना असा ठेवा. मजकुरात शेकेलच राहू द्या, कंसात गोल आकडा द्या: ‘सतरा शेकेल चांदी (सुमारे १९० ग्रॅम)’. सुरुवातीला एकदाच टीप द्या की अन्यथा न सांगितल्यास शेकेल ११.३ ग्रॅमचा आणि किक्कार ३४ किलोचा धरला आहे. वेगळे वजन वापरले असेल तिथेच तळटीप. स्वतःच्या वहीत मात्र प्रत्येक वचनासमोर मूळ संख्या, परिमाण, मूळ पाठात परिमाण आहे की भरलेले, धरलेला काळ आणि गुणक हे पाच रकाने ठेवा. उद्या कुणी शंका काढली तर आकडा कुठून आला ते लगेच सांगता येते.

आजच्या रुपयांत किंमत द्यायचा मोह होईल. तो टाळा. आजच्या चांदीच्या भावाने यिर्मयाचे शेत अगदी स्वस्तात बसेल आणि वाचक म्हणेल, फुकटच मिळाले. त्या काळी चांदीची किंमत धान्य, मजुरी आणि गुरांच्या तुलनेत आजच्यापेक्षा फार वेगळी होती. किंमत समजवायचीच असेल तर बायबलातलेच दुसरे वचन शेजारी ठेवा. शास्ते १७:१० मध्ये मीखा आपल्या लेवीला वर्षाचे दहा शेकेल चांदी, वस्त्रे आणि अन्न देऊ करतो. त्या हिशेबाने सतरा शेकेल म्हणजे अन्नवस्त्र सोडून पावणेदोन वर्षांच्या आसपासचा पगार.